कमाईचा आकडा सांगणाऱ्याकडे पुरावा मागा



आठवड्याच्या बाजारात डमरू वाजवून औषध विकणारा माणूस तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. एकाच पुडीने दमा जातो, सांधे मोकळे होतात आणि बैलाचा सुजलेला खांदाही उतरतो, असे तो छातीठोकपणे सांगे. बाजार उठला की तोही उठे. त्याचे बोलणे हवेत विरून जाई आणि पुढच्या बाजारी जाब विचारायला माणूस सापडत नसे.

आज तसाच विक्रेता आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये येऊन बसला आहे. तो पुड्या विकत नाही, कमाई विकतो. 'घरबसल्या महिना ५० हजार.' 'दहा शेळ्या पाळा, वर्षाला चार लाख मिळवा.' 'एका गुंठ्यात एकराचे उत्पन्न.' 'फक्त तीन माणसे जोडा आणि आयुष्यभर बसून खा.' रोज सकाळी असा एक तरी मजकूर आपल्याकडे येतो आणि आपणही तो पुढे धाडतो.

पण बाजारातल्या त्या विक्रेत्यात आणि याच्यात एक मोठा फरक आहे. मोबाईलवर लिहिलेला आणि बोललेला शब्द विरत नाही. तारीख, वेळ आणि नंबर यांसह तो राहतो. म्हणूनच कमाईचा आकडा ही आता नुसती बढाई राहिलेली नाही. कायद्याच्या दृष्टीने तो एक दावा आहे, आणि जो दावा करतो त्यानेच तो सिद्ध करायचा असतो. मग तो मुंबईचा कंपनीवाला असो की आपल्या आळीतला पोरगा.

मी वकील नाही. कृषी पदवीधर आहे आणि गेली अठ्ठावीस वर्षे विस्ताराचे काम करतो आहे. पण पिकांचे आणि जनावरांचे आकडे हेच माझे रोजचे काम. हल्ली शेतकरी माझ्या टेबलाशी बियाण्याचा नमुना घेऊन येत नाहीत, मोबाईल घेऊन येतात आणि विचारतात, "साहेब, हे खरं असंल का?" त्यांना जे सांगतो तेच येथे सविस्तर सांगतो.

आकडा फुगतो कसा?

शेळ्यांचेच उदाहरण घेऊ. जाहिरातीतले गणित असे असते. दहा शेळ्या, प्रत्येकीची वर्षाला दोन वेते, दर वेताला दोन करडे, म्हणजे चाळीस करडे. प्रत्येकी दहा हजार रुपये धरले की झाले चार लाख. कागदावर यात बेरजेची चूक नाही. चूक आहे ती गोठ्यात.

शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. व्याल्यावर तिला सावरायला आणि पुन्हा माजावर यायला वेळ लागतो. संगोपन चांगले असेल तर दोन वर्षांत तीन वेते मिळतात. म्हणजे दहा शेळ्यांची वर्षाला पंधरा वेते झाली. दर वेळी जुळेच होईल असे नाही, म्हणून सरासरी दीड करडू धरू. झाली बावीस करडे. त्यांतली तीन दगावली असे धरले तर उरतात एकोणीस. दहा हजारांचा भाव बकरी ईदच्या तोंडावर भरल्या अंगाच्या बोकडाला मिळेल, सहा महिन्यांच्या करडाला नव्हे. सहा हजार धरले तर १ लाख १४ हजार होतात. यातून चारा, खुराक, पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसी, जंतनाशक, गोठ्याचा खर्च, कर्जाचे व्याज आणि घरच्या माणसाची मजुरी अजून वजा व्हायची आहे.

शेळीपालन वाईट आहे असे मी म्हणत नाही. कष्ट करणाऱ्या घराला त्याचा मोठा आधार होतो. पण उत्पादन वेगळे, उत्पन्न वेगळे आणि नफा वेगळा. जाहिरातवाला या तिन्ही शब्दांची भेळ करतो आणि ती 'कमाई' म्हणून आपल्या हातावर ठेवतो.

दुसरी युक्ती निवडीची. आमच्याकडे पीक कापणी प्रयोग होतात, ते तुम्ही पाहिले असतील. गावाचे सरासरी उत्पादन काढायचे असते तेव्हा कोणाचे वावर घ्यायचे आणि वावरातला कोणता तुकडा कापायचा, हे आम्हाला मर्जीने ठरवता येत नाही. ती निवड ठरलेल्या पद्धतीने, यादृच्छिक आकड्यांवरून होते. कारण उघड आहे. मी विहिरीजवळची काळी जमीन निवडली तर गाव श्रीमंत दिसेल आणि माळावरची मुरमाड निवडली तर दरिद्री दिसेल. जाहिरातवाला नेमके उलटे करतो. शंभरांतला एक साधलेला शेतकरी तो कॅमेऱ्यापुढे उभा करतो. तो माणूस खरा असेल, त्याची पावतीही खरी असेल. पण उरलेल्या नव्व्याण्णवांचे काय झाले, हे तो सांगत नाही. अर्धवट खरे सांगून पूर्ण खोटा समज करून देणे, हीसुद्धा फसवणूकच आहे.

जुन्या ठेचा

हे आजचेच आहे असे नाही. १९९०च्या दशकात सागवानाच्या योजनांचे पेव फुटले होते. आज थोडे पैसे गुंतवा, वीस वर्षांनी लाखो रुपये घ्या, अशा जाहिराती येत. पुष्कळांचे पैसे बुडाले. अनेकांचे पैसे एकत्र करून दुसऱ्याने शेती किंवा झाडे लावायची आणि नफा वाटायचा, अशा योजनांसाठी १९९९ साली 'सेबी'ने नियम केले आणि नोंदणी सक्तीची झाली.

पुढे ईमू आला. तमिळनाडूत ईरोड जिल्ह्यातील पेरुंदुराई हे त्याचे मोठे केंद्र होते. पैसे भरा, पिल्ले घ्या, कंपनी दरमहा पैसे देईल आणि पक्षीही परत घेईल, असे आश्वासन असे. २०१२ साली तो डोलारा कोसळला आणि शेतकऱ्यांच्या अंगणात खायला मागणारे पक्षी तेवढे उरले. आपल्याकडे २०१९ साली सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर परिसरातून कडकनाथ कोंबडीचे प्रकरण उघडकीला आले. अंडी आणि पक्षी चढ्या भावाने परत घेण्याचे वचन मोडले, म्हणून अनेक शेतकऱ्यांनी तक्रारी केल्या आणि फसवणुकीचे गुन्हे नोंदले गेले. कडकनाथ ही जात खोटी नाही. मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथाला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. जात खरी असली तरी तिच्यावर चढवलेला आकडा खरा असतोच असे नाही.

अशा योजना पारखण्यासाठी एकच प्रश्न पुरेसा असतो : शेवटचे गिऱ्हाईक कोण? हे अंडे शेवटी कोण खाणार आहे? माल खाणाऱ्याच्या ताटात न जाता पिल्ले म्हणून पुढच्या शेतकऱ्याच्याच गळ्यात पडत असेल, तर नवे शेतकरी मिळेनासे होताच कारभार थांबणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

कायदा काय म्हणतो?

२०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२०पासून लागू झाला. त्यात दिशाभूल करणारी जाहिरात म्हणजे काय ते स्पष्ट केले आहे. वस्तूचे किंवा सेवेचे खोटे वर्णन करणे, खोटी हमी देणे, महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणे, हे सारे त्यात येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. हा दंड माल करणाऱ्यालाच होतो असे नाही. 'मी वापरले, मला फायदा झाला' असे सांगून शिफारस करणाऱ्यालाही होऊ शकतो. आपण सांगतो ते खरे आहे की नाही याची पुरेशी खातरजमा केली होती, हे दाखवता आले तरच त्याची सुटका.

जून २०२२मध्ये जाहिरातींविषयी मार्गदर्शक नियम आले. त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. वर मराठीत मोठ्या अक्षरांत 'महिना लाख रुपये' आणि खाली इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरांत 'सर्वांना असे उत्पन्न मिळेलच असे नाही', ही पळवाट चालत नाही. खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि तशाच अक्षरांत हवा. मूळ दावाच खोटा असेल तर खालच्या खुलाशाने तो खरा ठरत नाही.

'माणसे जोडा' हा प्रकार तर याहून धोक्याचा. बक्षीस योजना आणि पैशांची फिरवाफिरव करणाऱ्या योजनांवर १९७८च्या कायद्याने बंदी आहे. अशी योजना चालवणे हा गुन्हा आहेच, पण तिच्यात सभासद होणे, भाग घेणे, तिच्यासाठी पैसे घेणे किंवा पाठवणे यांनाही मनाई आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत आणि तिच्या प्रसारासाठी जाहिरात छापणाऱ्या-प्रसिद्ध करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डिसेंबर २०२१मध्ये थेट विक्रीचे नियम झाले, त्यांतही अशा साखळी योजनांना आणि त्यात माणसे भरती करण्याला बंदी आहे. वस्तू विकून त्यावर दलाली मिळवणे गैर नाही. नव्या माणसाने भरलेल्या पैशातून जुन्याची 'कमाई' होणे गैर आहे. हा फरक ध्यानात ठेवावा.

'आमच्याकडे पैसे ठेवा, ठरावीक परतावा घ्या' असे म्हणणाऱ्या, परवानगी नसलेल्या ठेव योजनांसाठी २०१९चा वेगळा केंद्रीय कायदा आहे. लोकांना अशा योजनेत ओढण्यासाठी जाणूनबुजून खोटे विधान, खोटे वचन किंवा खोटे भाकीत करणाऱ्याला किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षे कैद, शिवाय १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 'भाकीत' हा शब्द पुन्हा वाचा. 'तीन वर्षांत तुमचे पैसे तिप्पट होतील' हे भाकीतच आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितासाठी १९९९चा राज्याचा कायदाही आहे. त्याखाली संबंधितांची मालमत्ता जप्त करता येते. सरळ फसवणूक असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहेच. पूर्वी लोक ज्याला 'चारशेवीस' म्हणत तेच हे.

आपलीच मुले

कायद्याची कलमे वाचून कदाचित तुम्हाला वाटेल, हे मोठ्या लोकांचे काम, आपल्याला काय त्याचे? म्हणून आमच्या तालुक्यातली एक गोष्ट सांगतो.

पदविका घेऊन दोन वर्षे रिकामा बसलेला एक तरुण. घरी चार एकर कोरडवाहू जमीन. मोबाईलवर त्याला एक 'व्यवसाय' सापडला. साडेबारा हजार रुपये भरून तो सभासद झाला. त्याबदली पावडरीचे दोन डबे आले. खरी कमाई डब्यांत नव्हती, नवी माणसे आणण्यात होती. वरच्या माणसाने त्याला शिकवले की स्टेटसवर नोटांचा फोटो लाव आणि लिही, 'पहिल्याच महिन्यात ४२ हजार!' प्रत्यक्षात त्याला मिळाले होते तीन हजार. त्याने सांगितल्याप्रमाणे लिहिले. मावशीने दोन शेळ्या विकून पैसे भरले. चुलतभावाने पीककर्जातून भरले. गावातली आणखी सात-आठ घरे त्याच वाटेने गेली. चार महिन्यांनी कंपनीचा फोन लागेना.

तक्रार झाली तेव्हा कंपनी कोठे आहे ते कोणालाच ठाऊक नव्हते. लोकांच्या मोबाईलवर नाव आणि नंबर होता तो या पोराचा. ठाण्यातून बोलावणे आल्यावर वडील त्याला घेऊन माझ्याकडे आले. पोरगा म्हणाला, "साहेब, मी कुणाचा रुपया खाल्ला नाही. वरनं आलं तेच मी पुढं लावलं." मी त्याला एवढेच विचारले, "बेचाळीस हजार तुला मिळाले होते का?" तो खाली बघत राहिला.

त्यांना मी ओळखीच्या एका वकिलाकडे पाठवले आणि मोबाईलवरचे काहीही पुसू नका असे बजावले. चौकशी सुरू आहे, निकाल न्यायालय देईल. पण एक निकाल आधीच लागला आहे. मावशी दिवाळीला त्या घरी आली नाही. तिने पोराला सांगितले होते, "कंपनी मला कुठं ठावी होती? मी तुझ्याकडं बघून पैसं दिलं." वडिलांनी घरचा गोऱ्हा विकून पहिल्यांदा मावशीचे पैसे चुकते केले. कंपनी त्या पोराच्या तोंडून बोलत होती. विश्वास मात्र मावशीने भाच्यावर ठेवला होता. या धंद्याचे खरे भांडवल कोणते, ते यावरून कळते. तुमचे आणि माझे नातेसंबंध हेच ते भांडवल.

आपण विकतो तेव्हा

आता नाण्याची दुसरी बाजू. आपणही विक्रेते आहोत. कोणाची रोपवाटिका आहे, कोणी गांडूळखत विकतो, कोणी शेळीपालनाचे वर्ग घेतो, बचत गटाच्या भगिनी मसाले विकतात. हे सारे मोबाईलवरून विकले जाते आणि ते चांगलेच आहे. पण उत्साहाच्या भरात 'आमची रोपे लावा, एकरी दहा लाख हमखास' असे लिहिण्यापूर्वी हात आवरा. 'हमखास' हा एक शब्द पुढे तुमच्यावर उलटू शकतो.

आकडा सांगायचाच असेल तर आम्ही प्रात्यक्षिकाचा अहवाल लिहितो तसा सांगा. क्षेत्र किती, जमीन कोणती, पाणी किती, हंगाम आणि वर्ष कोणते, खर्च किती, भाव काय मिळाला आणि किती शेतकऱ्यांपैकी कितींना असे साधले. 'माझ्या २० गुंठ्यांत ठिबकवर एवढे निघाले, खर्च एवढा आला' असे लिहिले तर ती माहिती होते. 'तुम्हालाही एवढेच मिळेल' असे लिहिले की तो दावा होतो. खर्चाच्या पावत्या आणि विक्रीच्या पट्ट्या जपून ठेवा. मसाल्याची चव सांगा, जिन्नस सांगा. 'आमची एजन्सी घ्या, महिना तीस हजार मिळतील' असे मात्र सांगू नका. खरे बोलणाऱ्याची गिऱ्हाइके हळूहळू वाढतात, पण ती टिकतात.

पैसे देण्याआधी आणि फसल्यावर

कोणी कमाईचा आकडा सांगितला की त्याला पुढील गोष्टी लेखी विचारा. तुमच्या किती सभासदांना गेल्या वर्षी एवढी कमाई झाली? खर्च वजा जाऊन किती उरले? मालाचे शेवटचे गिऱ्हाईक कोण? करार मराठीत आणि सहीशिक्क्याचा मिळेल का? कंपनीची नोंदणी आणि पत्ता काय? तोंडी उत्तर देऊन घाई करणारा, 'आज रात्री बारापर्यंतच संधी' म्हणणारा माणूस दिसला की दोन पावले मागे या. खरा धंदा उद्या सकाळीही उघडा असतो.

फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. आलेला मजकूर, चित्रफीत, पावती, बँकेची नोंद आणि करार जपा. पैसे मोबाईलवरून गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवा. ग्राहक म्हणून सल्ला किंवा तक्रार यासाठी १९१५ हा क्रमांक आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क लागत नाही. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती करावी लागते.

'तुम्ही धंद्यासाठी घेतले, तुम्ही ग्राहक नाही' असे कंपनीचा माणूस सांगेल. त्याला घाबरू नका. पोटापाण्यासाठी, स्वतः राबून काम करणारा माणूस ग्राहक ठरतो, हे कायद्यातच लिहिले आहे. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले. पुढे सफेद मुसळीचे एक प्रकरण न्यायालयापुढे आले. कंपनीने एका अल्पभूधारक शेतकरी महिलेला लागवडीचे कंद विकले, पीक परत घेण्याचा करार केला, पण पीक घेतले नाही. ती ग्राहकच नाही, असा कंपनीचा युक्तिवाद होता. मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि तिची तक्रार ऐकली गेलीच पाहिजे असे ठरवले. एका साध्या शेतकरी बाईने धरलेला हा धीर आज आपल्या सर्वांच्या उपयोगाचा आहे.

शेवटी एक विनंती. हा अंक घरात सर्वांनी वाचून झाला की घरातल्या तरुण मुलामुलींशी या विषयावर बोला. त्यांना रागावू नका. कामधंदा नसलेल्या हाताला असली जाहिरात आशा वाटते, यात त्यांचा दोष नाही. फक्त एक नियम घरात करून ठेवा. जो आकडा आपण स्वतः मिळवला नाही आणि ज्याची पावती आपल्याजवळ नाही, तो आपल्या नावाने कोणालाही पाठवायचा नाही. आणि कोणाचा आकडा खरा की खोटा अशी शंका आली, तर पैसे भरण्याच्या आदल्या दिवशी आपल्या तालुक्याच्या कृषी कार्यालयात या. गणित मांडून बघायला अर्धा तास लागतो आणि त्याला एक पैसाही पडत नाही.